तुटक रेषेतलं तळं

पत्र येऊन चार महिने झाले होते आणि म्हाताऱ्या आरेखकांनी अजून त्याचं उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी. पण पत्र त्यांनी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं, आणि शब्दकोश चाळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून हल्ली ते पहिल्याच खंडावर भागवत. वाचताना ‘न’च्या पुढचा एखादा शब्द अडला, तर तो तसाच अडलेला ठेवून पान उलटत.

पत्र एका आर्किटेक्ट बाईचं होतं. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिनं ते हातानं लिहिलं होतं, कारण हे गृहस्थ फोनवर बोलत नाहीत असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. फोन कानाला लावला की ‘हो, हो, बरोबर’ यापलीकडे त्यांची गाडी जात नसे. चुकून लागलेला फोन असला तरीही.

‘तुमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेवर वाचनालय बांधायचं काम माझ्याकडे आलं आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘खाली गाड्यांसाठी दोन तळघरं. नगररचना कार्यालयातला तुमच्या हातचा जुना नकाशा आम्ही आधाराला घेतला. त्यावर तिथे फक्त “मोकळी जागा” असं आहे. पण आम्ही घेतलेल्या तिन्ही खड्ड्यांत काळी चिकट माती लागली, आणि तिच्यात नखाएवढे शंख. तिथे कधी पाणी होतं का? मोजणीच्या वह्या कार्यालयात सापडत नाहीत, आणि त्या वेळचे तुम्ही एकटेच आहात असं कळलं. नकाशे मंजुरीला जायला साडेचार महिने आहेत. तोवर मी रेषा हलवू शकते. नंतर नाही.’

आणि खाली, पेन बदलून लिहिल्यासारखं: ‘लहानपणी वडिलांचं काम होईपर्यंत मी त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसत असे. समोर तुमचा नकाशा टांगलेला असायचा. ती अक्षरं बघता बघता मी या व्यवसायात आले.’

हे शेवटचं वाक्य नसतं, तर त्यांनी बहुधा त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं असतं.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत आरेखकांनी शेकड्यांनी नकाशे काढले. त्यांतला एकही त्यांना मनापासून बरा वाटत नसे. कुठे शाई फुटली होती, कुठे बाण वाकडा आला होता. अपवाद एकच, तो व्हरांड्यातला. शहराच्या तेव्हाच्या उत्तर कडेचा नकाशा, अडतीस वर्षांपूर्वीचा. त्यांचे वरिष्ठ, ज्यांना सगळे पाठीमागे फूटपट्टीसाहेब म्हणत, त्यांनी भिंग लावून तो कागद दोन वेळा पाहिला आणि ‘हं’ म्हणाले. फूटपट्टीसाहेबांच्या ‘हं’वर तेव्हा माणसं महिनाभर तरंगत. पुढे तो नकाशा चौकटीत बसवून बाहेर लावला, आणि नवी मुलं आली की त्यांना त्यासमोर उभं करून सांगत, अक्षर असं काढायचं.

आणि त्याच नकाशात आरेखकांनी एक तळं गाळलं होतं.

मुद्दाम नाही असं ते स्वतःला सांगत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. आरेखनाचा नियम असा की, बारमाही पाणी अखंड रेषेनं दाखवायचं आणि काही महिनेच राहणारं पाणी तुटक रेषेनं. मोजणीवाल्यानं आपल्या वहीत त्या जागी लांबट तुटक वेढा काढला होता आणि बाजूला टीप लिहिली होती: ‘पाणी, चार महिने’. पेन्सिलच्या कच्च्या कागदावर आरेखकांनी तो जसाच्या तसा उतरवला. मग शाईचा दिवस आला. शीटवरचा तो सगळ्यांत मोठा रिकामा भाग. तिथे त्यांनी ‘मोकळी जागा’ ही अक्षरं ऐसपैस, एकेक अक्षर वीतभर अंतरावर सोडून मांडली. तुटक रेषा नेमकी ‘ळी’च्या पोटातून येत होती आणि ‘जा’च्या कान्यावरून जात होती. अक्षराला रेषा लागू द्यायची नाही, हा दुसरा नियम. रेषा अक्षरापाशी थांबवायची, पलीकडून पुन्हा सुरू करायची. त्यांनी वेगळ्या कागदावर तसं करून पाहिलं. अक्षरांना मुंग्या लागल्यासारखं दिसलं.

तेव्हा उन्हाळा होता. ते सायकलवरून जागेवर गेले. कोरडी, भेगाळलेली जमीन. मोकळी जागा म्हणजे मोकळी जागाच की, असं म्हणून ते परत आले आणि तुटक रेषा त्यांनी गाळली. अक्षरं तेवढी ठेवली.

शहर पुढे त्या कागदावरून चालत गेलं. जिथे काही नाही असं नकाशा म्हणतो, तिथे माणसं काहीतरी करतातच. आधी एका कडेला भराव पडला, मग रस्ता आला, मग चारी बाजूंनी इमारती. निवृत्तीनंतर मुलानं जे घर घेतलं, तेही नेमकं त्या जागेच्या पश्चिम कडेला, चौथ्या मजल्यावर. मुलगा तेव्हा कौतुकानं म्हणाला होता, “बाबा, तुमच्या नकाशातच राहायला आलो आपण.” आरेखक ‘हो, हो, बरोबर’ म्हणाले होते.

आता मुलगा कामानिमित्त दूर होता आणि घरात ते आणि सूनबाई. सूनबाई दातांची डॉक्टर. दुपारनंतर तिचा दवाखाना, सकाळी ती घरी. सासऱ्यांशी तिचं छान जमे, कारण तोंड न उघडणाऱ्या माणसांची तिला सवय होती.

मंजुरीला पंधरा दिवस उरले असताना लिफ्ट बंद पडली. आरेखक सकाळचं फिरणं उरकून आले, तर तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी जाड नळी पसरलेली, आणि पंपवाला खड्ड्यात डोकावत बसलेला.

“जिन्यानं जा आजोबा. खाली पोहायची सोय झालीय.”

“कुठे फुटलं काही?” आरेखकांनी विचारलं.

“फुटलं असतं तर बरं झालं असतं, शिवून टाकलं असतं. हे खालून येतंय. हात घालून बघा, गार आहे. वास नाही.” त्यानं नळी सरळ केली. “मी काढतो, ते येतं. आमचं दोघांचं बरं चाललंय.”

“किती दिवस येईल?”

“येईल चार महिने. मग आपोआप जाईल. मी या लायनीतल्या पाचही इमारती करतो ना. याच सुमारास सुरू होतं, आधी तुमची, मग शेजारची, मग ती कोपऱ्यावरची. पत्रिका पाठवल्यासारखं येतं. एरवी मी रात्रीतच उपसून जातो, कुणाला कळतही नाही; यंदा लिफ्टपर्यंत चढलं.”

आरेखकांनी कठड्याला धरलं. “चार महिने?”

“एखादा आठवडा इकडेतिकडे. का हो, काय झालं? बसा जरा.”

“नाही, नाही. बरोबर,” आरेखक म्हणाले आणि जिना चढू लागले.

प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मोकळी जागा पुरती दिसत होती. मधे गवत होतं, कडेला मुलांचं क्रिकेट, आणि चाचणीचे तीन खड्डे पत्रे लावून झाकलेले. ते रोज पाहत तेच होतं. फक्त आज त्यांना दिसलं की सगळं गवत सारखं हिरवं नाही. मधला लांबट पट्टा जास्त गडद होता, आणि त्याची कड ‘ळी’च्या पोटातून जिथून जायला हवी तिथूनच जात होती. चार बगळे त्या पट्ट्यातच उभे होते. बाकी मैदान रिकामं असून एकही बाहेर नव्हता.

घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि सूनबाईला म्हणाले, “अगं, कपाटावरची ती नळकांडी काढून देतेस?”

सूनबाई स्टुलावर चढली. “दिवाळखोरीची कागदपत्रं आहेत का यात? गेल्या महिन्यात साफसफाईला हात लावला तर केवढे दचकलात.”

“उघडायची नव्हती मला.”

“आणि आज?”

उत्तराऐवजी त्यांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं, मग तारीख पाहिली, मग बसून पुन्हा वाचलं.

“चार महिने, बाबा?”

“मला वाटलं, माझ्याच आठवणीत गफलत असेल. कच्चा कागद बघितला की कळेल, म्हणून तो बघितला नाही.”

“हे रोज ऐकते मी. दुखत नाही म्हणून आलो नाही, आणि आलो नाही म्हणून दुखत नाही.” तिनं नळकांडीचं झाकण ओढलं. “काढू?”

कागद पिवळा पडला होता आणि पसरला की परत गुंडाळून घेत होता. चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवावी लागली. पेन्सिल पुसट झाली होती, पण होती. लांबट तुटक वेढा, आणि बाजूला त्यांच्याच तरुण हातचं, ‘पाणी, चार महिने’. वेढ्याची पश्चिम कड आज जिथे त्यांची इमारत होती तिच्याखालून जात होती. लिफ्ट साधारण तिथेच.

सूनबाईनं बोट ठेवून वेढा पुरा केला. “म्हणजे आपण तळ्यात राहतो.”

“काठावर,” आरेखक म्हणाले. चूक सांगताना ती मापात असावी एवढंच त्यांना वाटलं.

“नळाला सकाळी दोन तास, आणि लिफ्टला चार महिने. वाटणी बरी केलीय शहरानं.” मग ती थांबली. “आणि हे कळवलंत तर वाचनालय?”

हाही काटा होताच. घरासमोर वाचनालय, चार जिने आणि एक रस्ता ओलांडला की पुस्तकं. एवढं जवळ काही येईल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. “जाईल कदाचित. नाहीतर ती बाई ते बाजूला सरकवेल, तळघराशिवाय. मला काय कळतंय त्यातलं.”

“आणि तुमचा व्हरांड्यातला नकाशा?”

त्यांनी गुंडाळू पाहणारा एक कोपरा पुन्हा पुस्तकाखाली सारला. खाली पंपाचा आवाज चालू होता. “तो उतरवतील,” ते शेवटी म्हणाले. “उतरवायलाच हवा. मुलांना दाखवतात तो अजून.”

सूनबाईनं चष्मा पुसून त्यांच्यापुढे ठेवला. “फोन करू का मी त्यांना? दोन मिनिटांचं काम.”

“नको. विचारलं मला आहे.”

पत्र लिहायला दोन दिवस लागले. पहिला मसुदा सगळा क्षमेचा झाला. त्यात तळं दुसऱ्या पानावर येत होतं. दुसऱ्यात त्यांनी आरेखनाचे नियम इतके समजावले की चूक नियमांचीच वाटू लागली. सूनबाईनं तो वाचला आणि म्हणाली, “बाबा, रोगी खुर्चीत बसलाय. दात कुठला ते सांगा.” तिसरा सात ओळींचा झाला. तिथे पाणी होतं. वर्षातून चार महिने असे. मोजणीवाल्यानं ते नोंदलं होतं, मी शाई करताना गाळलं, कारण माझ्या अक्षरांच्या आड येत होतं. ते अजूनही येतं, आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात बघता येईल, पंपवाल्याला विचारावं. मूळ कच्चा कागद माझ्याकडे आहे, हवा तेव्हा न्यावा. उत्तराला उशीर झाला तो माझ्या भित्रेपणामुळे. तुम्हाला आवडलेल्या अक्षरांखाली काय होतं ते सोबत जोडलं आहे.

सोबत जोडण्यासाठी त्यांनी ट्रेसिंगचा कागद घेतला. मनगटाला आता आधार लागे, म्हणून खाली शब्दकोश घेतला, दुसरा खंड. आधी वेढा काढला, तुटक, एकेक तुकडा श्वास धरून. दोन तुकडे आखूड आले. मग त्यांच्या इमारतीची कड, रस्ता, तीन खड्डे. अक्षरं सगळ्यांत शेवटी, जिथे जागा उरली तिथे, तळ्याच्या बाहेर, बारीक: ‘पाणी, चार महिने’. ‘मोकळी जागा’ लिहायला कुठे जागाच उरली नाही आणि त्यांनी ती शोधलीही नाही.

कागद पाकिटात मावेना. नकाशा गुंडाळायचा, घडी घालायची नाही, हा तिसरा नियम, आणि तो त्यांनी जन्मभर पाळला होता. पण गुंडाळी टपालपेटीच्या फटीत जात नाही. त्यांनी घडी घातली, नखानं दाबली, आणि घडी तळ्याच्या मधोमध पडली.

लिफ्ट अजून बंद होती. सूनबाई म्हणाली, मी टाकते जाताना. ते म्हणाले, मीच जातो, आणि चार मजले उतरले. पंपवाल्यानं नळी उचलून त्यांना वाट दिली.

“फिरायला का आजोबा, आज भर दुपारी?”

“पत्र टाकायचंय.”

“अजून टाकतात?”

“उशिरा,” आरेखक म्हणाले.

पेटी मोकळ्या जागेच्या कोपऱ्यावर होती. त्यांनी पत्ता पुन्हा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. समोर गडद पट्ट्यात बगळे उभे होते, आज सहा. मग त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा हलका आवाज आला. फटीत हात घालून ते नीट गेलं ना, हे त्यांनी एकदाच पाहिलं.