पार्बताबाईची लुना आणि मी

मित्रांनो, अकोल्यात कोर्टाच्या फाटकासमोर, कडुनिंबाखालच्या टेबलावर ज्याचं उभं आयुष्य गेलं, तो मी एक जुना मराठी टाइपरायटर. नवा होतो तेव्हा असा काही चकाकायचो, की पक्षकार आपली केस विसरून माझ्याकडे बघत राहायचे. माझा मालक अब्दुल रहीम. वकील म्हणायचे, रहीमभाईचा कागद म्हणजे कागद! मला फार बरं वाटायचं.

पुढे शेतीचे वाईट दिवस आले. घरातला कर्ता माणूस गेलेल्या बायका सरकारी मदतीचे अर्ज करून घ्यायला येऊ लागल्या. दिवसभर आमचं तेच काम. रहीम मजकूर वाचायचा नाही, नुसती अक्षरं बघायचा. वाचला असता तर हातच चालला नसता.

अशात एक दिवस ललिता तायडे आली. बाळापूरकडच्या एका शाळेत शिकवणारी बाई. तिने कादंबरी लिहिली होती. त्या कादंबरीतली पार्बताबाई उतारवयात लुना चालवायला शिकते आणि गावभर धांदल उडवून देते. पुण्याच्या एका प्रकाशकाने हाताने लिहिलेली प्रत न वाचताच परत पाठवली होती. टाइप करून पाठवा, कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत दुप्पट अंतर आणि डावीकडे रुंद समास सोडून, असं कळवलं होतं. आपलं लिहिलेलं कोणी तरी एकदा वाचावं, एवढीच तिची तगमग होती.

"करून देतो, मॅडम," रहीम म्हणाला.

पण हात पडले कोर्टाचे! पहिलं प्रकरण आम्ही कोर्टाच्या लांब कागदावर ठोकलं, प्रत्येक परिच्छेदाला आकडा घालून. ललिताने पान उचललं आणि वाचलं, '१. पार्बताबाई, वय ५२ वर्षे, धंदा घरकाम, राहणार बाळापूर, ही सदर लुनावर बसली.'

"चाचा, हे काय करून ठेवलं? पार्बता माह्या कादंबरीतली बाई हाय, आरोपी नाही."

"मंग? कागदावर मानूस आला का वय-धंदा लागतेच. नाही तं साहेब इचारते, कोन ही?"

"इथं साहेब नाही, वाचनारा हाय. कोन ही, ते त्याले हळूहळू समजू द्या ना."

रहीम चिडलाच. इतक्या वर्षांत कोणी त्याचा कागद परत केला नव्हता. तरी त्याने नवे कागद आणले. आता काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कळायला त्याला मजकूर वाचणं भागच पडलं. तिसऱ्या प्रकरणात पार्बताबाई ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर पिळते आणि थेट पोलीसपाटलाच्या गोठ्यात शिरते. तिथे रहीम इतका हसला, की त्याचं बोट भलत्याच अक्षरावर पडलं. या टेबलावर हसणं मी कैक वर्षांनी ऐकलं. खरं सांगतो, सुखावलो.

पाकीट पुण्याला गेलं. दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. टाइप नीट आहे, भाषाही छान आहे. पण तुमच्या भागात सध्या एवढं दुःख असताना असलं हलकंफुलकं कोण घेणार? तुमच्याकडच्या मरणांवर लिहा, लगेच छापतो.

ललिता ते पत्र आणि परत आलेली प्रत घेऊन आली तेव्हा टेबलापाशी इंदूबाई नावाची एक बाई अर्जासाठी बसली होती. तिचा नवरा मृगातच गेला होता. ललिताने रहीमला पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, लुना शिकणारी पार्बताबाई त्यांना नको. पुस्तक निघणार होतं, नावही होणार होतं, फक्त पार्बताबाईला लुनावरून उतरवायचं होतं.

"बदलाचं का मंग?" रहीमने विचारलं.

"नाही चाचा. यायच्या दुःखावर मले नाव नाही कमवाचं. फक्त पह्यलं पान बदला. नागपूरच्या प्रकाशकाचा पत्ता टाका."

इंदूबाई सगळं ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "येते का वो तिले लुना शेवटी?"

"ऐकता का थोडं?" ललिताने विचारलं आणि तिथेच खुर्ची ओढून वाचायला बसली.

गोठ्याचा प्रसंग आला तशी इंदूबाई पदर तोंडाला लावून हसली. मग पदरही सुटला. "पुढं वाचा ना," ती म्हणाली. रहीम तिचा अर्ज हातात धरून थांबून राहिला.

नागपूरचं उत्तर यायच्या आत कॉम्प्युटर आला आणि मी गोणपाटाखाली गेलो. मित्रांनो, मला तेलपाणी केलं नाहीत तरी चालेल, मी लोखंड आहे. पण दुःखात बसलेलं माणूस "पुढं वाचा" म्हणालं, तर मध्येच थांबू नका.