दहाव्या गाण्याचं शेवटचं कडवं

भाऊजींनी बँड सोडला त्याला चार वर्षं झाली. तेवढ्या काळात एकट्याच्या नावावर दोन अल्बम, गाणी एकवीस आणि घरात श्रोते दोन: एक मी, दुसरा माझा नवरा. त्यातला नवरा दुसऱ्या गाण्याला घोरतो. ड्रम मात्र दोन्ही वेळा जुन्या बँडमधल्या ड्रमवाल्याने, ठोक्या म्हणतात त्याला, त्यानेच वाजवले, आणि भेटेल त्याला तो ऐकवायचा, "एकटा कसला? मी आहे म्हणून उभा आहे."

हे भाऊजींच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या अल्बमला सगळं स्वतःच वाजवायचं ठरलं. ड्रमसेट ठोक्याकडूनच मागून आणला, रविवारी पाचला परत देण्याच्या बोलीवर. वरच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. एक सारखी घसरायची, ती धरायला मी. रेकॉर्डर जुना, कॅसेटचा. आधी गाणं मनात म्हणत नुसते ड्रम वाजवायचे, मग त्यावर गिटार, शेवटी आवाज.

नऊ गाणी पार पडली. दहाव्यावर गिटार भरताना भाऊजी थबकले. ड्रम संपले होते आणि गाणं अजून शिल्लक होतं. मनात म्हणताना शेवटचं कडवंच गिळलं होतं!

नेमका तेव्हाच ठोक्या आला, अर्धा तास आधी. त्याने ऐकलं आणि खदखदून हसला.

"वहिनी, गाणं चालू आणि ड्रमवाला जेवायला गेला!"

"तुमच्याकडून शिकलेत," मी म्हटलं.

"सरक रे," ठोक्या भाऊजींना म्हणाला. "दोन मिनिटांत वाजवतो. फक्त कव्हरवर माझं नाव टाक."

"नको."

"मग तू वाजव. वेळ आहे अजून."

भाऊजींनी तळवे दाखवले. फोड फुटून लाल झाले होते. "काठी धरवत नाही. गिटार काय, बोटांच्या टोकांवर निभते."

"म्हणजे गाणं असं लंगडं सोडणार?"

"कडवं मी विसरलोय. निस्तरीन मीच."

त्यांनी स्क्रू सैल करून ड्रमसेट पिशव्यांत भरला आणि ठोक्यापुढे ठेवला. "जायचं तर आत्ताच जा. नंतर दार करकरलं तर टेपवर येतं."

ठोक्या गेला नाही, पिशवीवरच बसला. भाऊजींनी बटण दाबलं. गिटार आणि गाणं या वेळी एकदमच. ड्रम संपले तिथे त्यांचा आवाज जरा कापला, मग त्यांनी तो रेटून पुढे नेला. ठेका धरायला सवयीने ठोक्याचा पाय उचलला गेला. माझे हात गादीत अडकलेले, म्हणून मी नुसते डोळे वटारले. पाय तसाच अधांतरी धरून तो बसून राहिला, कडवं संपेपर्यंत.