पावडरीवरचा आळ

तिने प्रोटीन पावडरीचा डबा सिंकमध्ये उपडा केला आणि वरून नळ सोडला. ही चूक झाली. पावडर वाहून जाण्याऐवजी फुगली, तिचा चिकट लगदा झाला आणि जाळीवर ठाण मांडून बसला. चॉकलेटचा वास स्वयंपाकघरभर पसरला. चमच्याने लगदा खरवडता खरवडता तिने नवऱ्याचा, त्याच्या जिमचा आणि डब्यावर दंड फुगवून उभ्या असलेल्या त्या बाप्याचा एकत्रच उद्धार केला.

नवऱ्याच्या मोठ्या आतड्यात व्रण होते. आजार जन्माचा सोबती. कधी महिनोन्महिने निमूट असायचा, कधी उसळायचा, आणि उसळला की माणूस वाळून जायचा. ती शिवणकाम करायची, त्यामुळे आजाराचा जमाखर्च तिला त्याच्या कमरेवरून कळायचा. एरवी पँटी कधी आत घ्याव्या लागत, कधी सैल कराव्या लागत. यंदा नुसतं आत घेणंच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हलका व्यायाम करा, पण पावडरी मला विचारल्याशिवाय नकोत. आणि हे गृहस्थ रोज डबा काखोटीला मारून कामावर.

"अहो, आतडं तुमचंच आहे की भाड्याने आणलंय?" ती विचारायची.

"मग अंगावर मांस कसं चढायचं?"

"आधी आहे ते टिकवा!"

या भांडणाला खंड नव्हता. शेवटी आज तिने डबा लपवला. तो कपाटं धुंडाळून तणतणत निघून गेला आणि त्या नादात दुपारच्या गोळ्या टेबलावरच राहिल्या. डबा कधी विसरला नाही, गोळ्या मात्र विसरला! त्याच रागात तिने लपवलेला डबा काढून सिंकमध्ये ओतला होता. सिंक मोकळं झाल्यावर गोळ्या पर्समध्ये टाकून तो कामाला होता त्या छापखान्याकडे ती निघाली.

तिथे त्याचं मशीन धडधडत होतं, पण त्यावर त्याचा जोडीदार उभा होता.

"पैलवान कुठाय ते विचारू नका वहिनी," तो ओरडून म्हणाला. "जिथं असतो तिथंच."

"म्हणजे?"

"ती पावडर हो! पोटात गेली की हा पळाला संडासाकडे. सगळे हसतात, पण गडी सोडेल तर शपथ."

तेवढ्यात फोरमन आला. सगळे त्याला मामा म्हणत. माणूस मायाळू होता, आणि खरी पंचाईत तीच होती. बाइंडिंगमधल्या एका काकांना मागे एकदा चक्कर आली, तेव्हा मामाने काळजीपोटी त्यांना गोदामात बसवलं. ते अजून तिथेच बसले होते.

"आज डबा आणला नाही म्हणे," मामा म्हणाला. "तरी सकाळपासून पळापळ चालूच. वहिनी, खरं सांगा, काही आजारबिजार तर नाही ना? असेल तर मशीनवरून उतरवतो. खाली गोदामात निवांत बसेल."

संडासाचं दार वाजलं. नवरा बाहेर आला आणि तिला बघून जागीच थबकला. त्याची नजर तिच्या पर्सकडे गेली. आत गोळ्यांच्या पाकिटावर ठेवलेला हात तिने काढून घेतला. आळ पावडरीवर होता, तोवर आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. आणि ती पावडर आज सकाळी तिनेच गटारात सोडली होती.

तिने पर्सची चेन लावली.

"कसला आजार, मामा?" ती कडाडली. "मी डबा लपवीन म्हणून पहाटेच दोन चमचे जास्त ढोसली यांनी. हावरटपणा नुसता! तुम्हीच समज द्या, माझं कोण ऐकतं?"

मामा पोट धरून हसला. जोडीदाराने पैलवानाच्या पाठीत थाप मारली आणि मशीन आणखी थोडा वेळ सांभाळायचं कबूल केलं.

फाटकाबाहेर त्याने गोळ्या घेतल्या.

"खरंच पिता का ती पावडर?" तिने विचारलं.

"सुरुवातीला प्यायलो. पोटाने हात जोडले. मग चारचौघांत नुसता शेकर हलवायचा आणि बेसिनमध्ये ओतायचा."

"मग घरी माझ्याशी कशाला भांडत होतात? मला सांगायला काय धाड भरली होती?"

तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला.

"आजारपणात तू हळू आवाजात बोलतेस," तो म्हणाला. "बरं वाटतंय का, उशी देऊ का. आई तशीच, ताई तशीच. पावडरीवरून तेवढी तू पहिल्यासारखी ओरडायचीस."

तिला काहीतरी हळुवार बोलावंसं वाटलं. तोंडही उघडलं. मग ते मिटून तिने त्याची बाही धरून उजेडात ओढली.

"ही शाई बघा! कालच धुतलेला शर्ट. कोण घासणार हे, मी?"

"मी घासतो."

"घासाल! तुम्ही घासलंत की डाग राहतो आणि कापड जातं."

आतून जोडीदाराची हाक आली. तो हलला नाही. बाही तिच्या हातात तशीच ठेवून उभा राहिला.