नळ उघडण्याआधी एक हाक

मित्रांनो, मी विस्कॉन्सिनमधल्या एका डेअरीतला वाफेचा जुना व्हॉल्व्ह आहे. अंग बिडाचे, दांडा पोलादी. माझे काम सोपे: दूध गार होऊ लागले की जास्त उघडून वाफ सोडायची, फार तापले की मिटायचे. दूध पुरेसे तापले नाही, तर ते चीजच्या टाकीत न जाता पुन्हा तापायला मागे फिरते. यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या अर्लिसबाई मला ‘म्हातारबा’ म्हणत. दांड्याला ग्रीस लावताना त्या माझ्याशी बोलत, आणि मला ते आवडे.

एका हिवाळ्यात मात्र दर शुक्रवारी दुपारी दुधाचे तापमान डगमगू लागले. मी धडपडून उघडत असे, तरी दूध मागे फिरे. जो हलतो, तोच सगळ्यांना दिसतो. मॅनेजर म्हणाले, हा आता थकला, भंगारात द्या. बाईंनी माझ्यासाठी खूप रदबदली केली. तरीही मला काढून फळीवर ठेवले आणि माझ्या जागी नवा, चकचकीत व्हॉल्व्ह बसला.

शुक्रवार आला. नवाही माझ्यासारखाच थरथरला.

बाईंनी त्याला बोल लावला नाही. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडून धो धो पाण्याचा आवाज येत होता. तिथे टाक्या धुणाऱ्या ड्वेनने सगळे गरम नळ एकदम उघडले होते. ते पाणीही आमच्याच वाफेवर तापत असे, त्यामुळे दुधाच्या वाट्याला दुबळी वाफ उरे.

“एवढी कसली घाई रे?” बाईंनी विचारले.

“शुक्रवार आहे, अर्लिस. आज गावच्या खानावळीत तळलेले मासे असतात. उशिरा गेलं की ताटात नुसता कोबी उरतो.”

“खा की मासे. पण तुझ्या माशांपायी माझा म्हातारबा फळीवर बसलाय. नळ एकेक करून उघड, आणि त्याआधी मला हाक मार.”

मॅनेजर ओशाळून हसले. नवा व्हॉल्व्ह परत गेला आणि मी माझ्या जागी आलो.

आता शुक्रवारी भिंतीपलीकडून आवाज येतो, “म्हातारबा, पाणी घेतोय बरं का!” बाई मला आधीच थोडे उघडून ठेवतात. तापमानाला हेलकावा येतोच, पण दूध पुढे जाते.

मित्रांनो, कुणी थरथरताना दिसले, तर त्याला निकामी ठरवण्याआधी भिंतीपलीकडे कान द्या. आणि नळ तुमच्याच हातात असेल, तर आधी एक हाक मारा. आम्ही सावरून धरू.