दाढेचं मूळ

शालिकरामने रुपरावांच्या जबड्यात कापसाचा बोळा दाबला, दात मिटायला सांगितलं आणि तबकातली उपटलेली दाढ हळूच गॉजच्या तुकड्याखाली सरकवली. तिचं एक मूळ टोकाशी तुटलं होतं. टोक आतच राहिलं होतं. नागपूरच्या दंत महाविद्यालयाच्या त्या दवाखान्यात पलीकडच्या खुर्चीपाशी सर दुसऱ्या एका विद्यार्थ्याला सगळ्यांदेखत झापत होते. आता हाक मारली तर आपलीही तीच गत होणार, तीही शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर. त्याने रुपरावांना औषधाची चिठ्ठी लिहून दिली.

रुपराव काळबांडे काटोलचे, संत्र्याचे बागाईतदार. धोतराचा सोगा सावरत ते दारापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले.

"डॉक्टर, पूर्ण नाव काय म्हने तुमचं?" बोळा सांभाळत त्यांनी विचारलं.

"शालिकराम बापूजी भोयर."

"कोन्या गावचे?"

"भिवापूरचा."

"म्हनजे मिरचीवाले. वावर किती आहे? अन् नावावर कोनाच्या, वडलांच्या का तुमच्या?"

"वडलांच्या," शालिकराम म्हणाला.

त्याच आठवड्यात अनंतराव नावाचे एक वकील कॉलेजात कायदा शिकवून गेले होते. "रोग्यानं विश्वासानं तोंड उघडलं आणि तुम्ही त्याला हात लावला, की जबाबदारी आली," ते म्हणाले होते. "सहीबिही लागत नाही. काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य. ते चुकलं आणि त्यापायी रोग्याला इजा झाली, तर नुकसानभरपाई. ती वसूल कशातून होते? जमीनजुमल्यातून." मागच्या बाकांवर हशा पिकला होता. शालिकरामही हसला होता.

मूळ तुटणं हा काही गुन्हा नव्हे, कसलेल्या हातूनही तुटतं, असंही ते म्हणाले होते. पण तुटलेलं ठाऊक असून रोग्याला न सांगणं, ही गोष्ट वेगळी.

रविवारी खोलीवरचा सोबती मधुसूदन म्हणाला, "तुह्याबद्दल एक जन चौकशी करून गेला गा. काळा कोट घातला होता."

शालिकरामच्या हातातला साबण बादलीत पडला. "काय विचारत होता?"

"दारू पेतो काय, कधी नापास झाला काय, कोनाशी भांडन-तंटा आहे काय. मेसवाल्यालेही विचारलं त्यानं. काहून गा? केलं काय तू?"

"काही नाही."

त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना. सीताबर्डीवर चहा पिताना एका अनोळखी माणसाने दोनदा वळून पाहिलं, तर हा अर्धा कप तसाच ठेवून उठला. वसुलीला माणसं भिवापूरला गेली असतील, बापूजी त्यांना खाटेवर बसवून पाणी देत असतील, असलं काहीबाही डोळ्यांपुढे येई.

पुढच्या तपासणीला रुपराव आले तेव्हा त्यांचा गाल किंचित सुजला होता. सोबत काळ्या कोटातला एक माणूस होता.

"हे माहे साळे, चंपतराव," रुपराव म्हणाले.

चंपतरावांनी शालिकरामला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. काही विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंच होतं, तोच शालिकराम बोलून गेला.

"काका, आधी माझं ऐका. दाढेचं एक टोक आत राहिलं आहे. मले तेव्हाच दिसलं होतं."

"तेव्हाच?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"भेलो."

रुपरावांनी गाल चाचपला. "अन् मी समजून राहिलो होतो का, बिडी ओढली म्हनून सुजलं."

म्हणजे यांना काहीच माहीत नव्हतं. शालिकरामने आपल्याच हाताने आपला गळा पुढे केला होता. तरी तो सरांना घेऊन आला आणि त्यांच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. सर भडकले. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे रोगी माना वळवून पाहू लागले.

"बाजूला हो. मी काढतो," सर म्हणाले.

"नाही सायेब," रुपराव खुर्चीत बसत म्हणाले. "ज्यानं ठेवलं त्यालेच काढू द्या. तुमी फक्त उभे राहा."

चंपतराव पुढे झाले. "भाऊजी, उगीच काहून..."

रुपरावांनी डोकं मागे टेकवलं. त्यांनी तोंड उघडलं.

शालिकरामने सुई टोचली, जबडा बधिर होऊ दिला. मग तो सरांकडे न पाहता काम करत राहिला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. अखेर तांदळाच्या कणीएवढं टोक बाहेर आलं. ते त्याने गॉजवर ठेवलं आणि रुपरावांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"हे पाहा. आता आत काही नाही."

रुपरावांनी निरखून पाहिलं. मग बोळा दातांत दाबून ते चंपतरावांकडे वळले. चंपतरावांनी नकारार्थी मान हलवली. रुपराव त्यांच्याकडे तसेच बघत राहिले. शेवटी त्यांनी साळ्याला कोपरानं ढोसलं.

चंपतरावांनी कोटाची गुंडी लावली, नाइलाजाने घसा साफ केला.

"बरं, तुमच्या आईचं माहेर कोनतं?"

"रामटेकजवळचं," शालिकराम म्हणाला. "का?"

चंपतरावांनी कोटाच्या खिशातून भाचीची पत्रिका काढली. हळूहळू त्याचे कान तापले, आणि गॉजवरचं ते टोक त्याने उगीचच तबकात नीट ठेवलं. सर खाकरले आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले.