फ्रिजचा करारनामा वाचणाऱ्या काकू

तक्रार ऐकून फ्रिजच्या मेकॅनिकला हसूच आलं. फ्रिज गार करत होता, गळत नव्हता, घरघरत नव्हता. तो बोलत होता.

"दुधाला दार उघडलं की गादी घ्या म्हणतो," काकू म्हणाल्या, "आणि अंड्यांना उघडलं की गुडघ्याचं तेल. माझ्या गुडघ्यांची बातमी याला दिली कोणी?"

काकू सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. फ्रिज मुलीने घेऊन दिलेला, दारावर ताटाएवढा पडदा. आधी त्यावर नुसतं तापमान दिसे. महिन्यापूर्वी एका सकाळी आपसूक जाहिराती सुरू झाल्या.

मेकॅनिकने सगळी सेटिंग्ज पालथी घातली. इंटरनेट तोडून पाहिलं, तर 'जोडणी करा, जोडणी करा' म्हणत पडद्याने जीव नकोसा केला.

"काकू, घरोघरी हेच रडगाणं आहे. पहिल्या दिवशी 'मान्य आहे' दाबलंत ना, तिथेच हात कापून दिलेत."

"काय मान्य केलं, ते दाखव तरी."

त्याने करारनामा उघडला. दोनशे अकरा कलमं, मुंगीएवढी अक्षरं. "हे कोणी वाचत नाही हो. लिहिणाऱ्यानेही वाचलं नसेल."

"मग मी वाचते. छापून आण."

त्याने गठ्ठा आणून दिला. दहाव्या पानावर हात टेकतील, असं त्याला वाटलं होतं. चौथ्या दिवशी त्याच इमारतीत काम निघालं म्हणून तो डोकावला, आणि दारातच थबकला. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. ओळीखाली पट्टी, हातात लाल पेन्सिल. ओळ संपली की पट्टी खाली सरके. मध्येच एका शब्दावर अडल्या, साठ पानं मागे गेल्या, काहीतरी ताडून पाहिलं आणि बरोबर त्याच ओळीवर परत आल्या. तो आल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. वीस वर्षांत त्याने कसबी हात पुष्कळ पाहिले होते, पण अशी नजर कधीच नाही.

"सापडलं," काकू स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांना तो दिसला. "हे बघ, कलम एकशे चौसष्ट. ग्राहकाने लेखी हरकत घेतली, तर तीस दिवसांत 'प्रायोजित मजकूर' थांबवायचा. आणि लेखी म्हणजे काय, ते कलम नऊमध्ये. कागदावर, सहीनिशी, टपालाने."

मेकॅनिकने ते कलम स्वतः वाचून पाहिलं. "लपवून ठेवलं होतं हो लबाडांनी!"

"लपवलंय कुठे? चांगलं छापलंय."

त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं. सोबत करारनाम्यातल्या छापील चुकांची दोन पानी यादी जोडली.

"ही कशाला?"

"एकदा दिसल्या की सोडवत नाही रे."

एकोणिसाव्या दिवशी काकूंचा फोन आला. तो हातातलं काम टाकून धावला. पडद्यावर फक्त 'चार अंश'. त्याने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. फ्रिज मूग गिळून गप्प. कंपनीचं उत्तर टेबलावर होतं: या कलमाखाली आलेलं हे पहिलंच पत्र. मेकॅनिकने ते दोनदा वाचलं. इतक्या घरांत इतके फ्रिज, प्रत्येकात तेच वाक्य, आणि तिथवर पोचलेलं माणूस एकच.

काकूंच्या परवानगीने त्याने पत्राचा नमुना आपल्या गिऱ्हाइकांना दिला. दोन महिन्यांत एकतीस फ्रिज गप्प झाले.

"कोणता वकील गाठलात हो?" एका गृहस्थाने विचारलं.

"वकील नाही. एका बाईंनी ते वाचलं."

"काय, सगळं?"

"सगळं," मेकॅनिक म्हणाला, आणि नकळत त्याचा आवाज खाली आला.