अर्धा विचारलेला प्रश्न

चित्राने पस्तिशी ओलांडल्यावर पॅरामेडिकच्या कोर्सला नाव घातलं. कॅनडात कोक्विटलामला आल्यापासून आठ वर्षं तिने एका फार्मसीच्या काउंटरवर काढली होती, त्यामुळे औषधांचा अभ्यास तिला जड गेला नाही. कुठलं औषध कुणाला, किती आणि कुणाला अजिबात नाही, हे ती भांडी घासता घासता नवऱ्याला, शंतनुला, म्हणून दाखवायची. हृदयाच्या दुखण्यावरचं नायट्रो तर तोंडपाठच. छातीत दुखत असेल तर जिभेखाली फवारा. पण त्याआधी विचारायचं, गेल्या दोन दिवसांत व्हायग्रा किंवा तसली गोळी घेतली आहे का? घेतली असेल तर फवारा द्यायचा नाही, रक्तदाब कोसळतो. वर्गात सरावाला तिने हा प्रश्न सगळ्यांना विचारला होता. इंग्रजीत. कुणाला काही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिचं अॅम्ब्युलन्सवरचं प्रशिक्षण सुरू झालं. डॅरेन नावाचा जुना पॅरामेडिक तिच्यावर देखरेख करायचा. तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनऊला कॉल आला. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, घरासमोरचा बर्फ फावड्याने उपसताना छातीत कळ.

दार सुनेने उघडलं. तिचं नाव स्वाती, कडेवर वर्षाचं मूल. सोफ्यावर बबनराव घामाने निथळत बसले होते आणि त्यांची बायको कांताबाई त्यांचा हात धरून. दोघं नागपूरहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. मुलगा प्रफुल्ल कामावर गेला होता.

"घाबरू नका काका," चित्रा मराठीत म्हणाली, तसा त्यांचा चेहरा जरा सैल पडला.

"मराठी आहेस? बरं झालं बाई."

तिने अॅस्पिरिन चघळायला दिली. डॅरेनने छातीला तारा लावल्या, रक्तदाब पाहिला. ठीक होता. "गोळ्यांचं विचार," तो म्हणाला.

चित्राने तोंड उघडलं आणि शब्दच सापडेनात. समोर वडिलांच्या वयाचा माणूस, पलीकडे त्याची सून उभी. गोळीचं नाव घेऊन विचारायचं हे तिला शिकवलं होतं. तिच्या तोंडून निघालं ते असं, "काका, दोन दिवसांत दुसरं काही घेतलंय का? म्हणजे... ताकदीचं वगैरे?"

बबनरावांनी सुनेकडे एक नजर टाकली. "छे. बीपीची गोळी तेवढी."

कांताबाई खाली सतरंजीकडे बघत होत्या.

"नाही म्हणतात," चित्राने डॅरेनला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि तिनेच त्यांच्या जिभेखाली फवारा मारला.

स्वाती मुलासाठी घरी थांबली. कांताबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. गाडी निघून पाच मिनिटं झाली नसतील, बबनराव म्हणाले, "अंधारून येतंय," आणि मॉनिटर वाजू लागला. एकशे चाळीसचा रक्तदाब साठावर आला होता. डॅरेनने त्यांचे पाय उचलून धरले, चित्रा सलाईन लावू लागली. तेवढ्यात पुढून कांताबाईंचा आवाज आला. सून जवळ नव्हती, आता त्या बोलू शकत होत्या.

"बाई, काल रात्री गोळी घेतली होती त्यांनी. तसली. सांगायला पाहिजे होतं का जी?"

हॉस्पिटलच्या दारात हृदय थांबलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. अटॅक फार मोठा होता, एवढंच म्हणाले.

डॅरेन तिला म्हणाला, "तू विचारलंस, ते नाही म्हणाले. आपण दोघांनी नियम पाळला."

"मी पूर्ण विचारलं नाही," चित्रा म्हणाली. डॅरेनला मराठी कळत नव्हतं. तिने सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. पण अहवालात तिने आपले शब्द जसेच्या तसे लिहिले, खाली त्यांचं इंग्रजी केलं. चौकशी झाली, घरच्यांनाही सगळं कळवलं गेलं. तिला प्रशिक्षण पहिल्यापासून करायला सांगितलं. जूनमध्ये वर्गातले बाकीचे पास होऊन कामाला लागले. पदवीदानाला ती गेली नाही.

जुलैत जवळच्या सरे शहरातल्या एका ग्रोसरीत ती कोथिंबीर निवडत होती. शेजारी कुणीतरी थांबलं. कांताबाई. वाळल्या होत्या. चित्राने हातातली जुडी खाली ठेवली.

"परवा जातेय मी परत," कांताबाई म्हणाल्या. "एकटी."

"काकू, मी..."

"चौकशीची चिठ्ठी वाचून दाखवली प्रफुल्लने. तू लिहिलंस ते. तो आणि सून माझ्याशी नीट बोलत नाहीत तेव्हापासून. त्या गोळीची लाज वाटते म्हणे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी त्या वेळी बोलले असते तर वाचले असते का? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय मी. तू सांग."

खोटं सांगणं सोपं होतं. चित्राने क्षणभर तसा विचारही केला.

"माहीत नाही काकू. पण तो फवारा मी मारला नसता."

कांताबाईंना रडू कोसळलं. भाजीच्या ट्रॉल्या दोघींना वळसा घालून जात राहिल्या. चित्राने त्यांचा हात धरला, त्यांनी तो काढून घेतला नाही.

"सुनेला बाहेर पाठवायचं होतंस गं," त्या हुंदक्यातून म्हणाल्या. "आम्ही दोघांनी सांगितलं असतं."